प्लेगची सुरत : सांगणाऱ्यांच्या तोंडून

सुरतेचा इतिहास म्हटला की मराठी मनापुढे 1664 साल उभे राहते. त्याच सुरतेतील 1994 च्या सप्टेंबराचा इतिहास मात्र अद्याप बहुतांशी माणसांच्या स्मरणातच आहे. प्लेगच्या वार्तेने काही लाख लोकांनी थोड्या दिवसांत शहर सोडले. उधना-लिंबायतच्या वस्त्यांतील खानदेशी यंत्रमाग-मजूर नंदुरबार, अमळनेर, जळगावची वाट धरून निघाले. टेट्रासायक्लिन औषधाच्या दुकानांतून दिसेनासे झाले. मृतांची संख्या, पुढची स्वच्छतेची मोहीम, हे सारे सरकारी कागदांत नमूद आहे. परंतु गाठोड्यात काय बांधले, किल्ली कोणापाशी ठेवली, गावच्या वेशीवर कोणी अडविले की भाकरी आणून दिली, हे कोणत्या दप्तरात सापडावे?

कवी नर्मदाने 1866 साली 'मारी हकीकत' लिहिली. त्याच्या हाती लेखणी होती. माग चालविणाऱ्याला तेवढी उसंत कोठली!

स्मरण तारखा चुकविते. 2006 च्या तापीच्या पुरातली गोष्टही कधी प्लेगच्या हकिकतीत मिसळावयाची. पण तारीख जुन्या वृत्तपत्रावरून दुरुस्त करता येते, वेशीवरचा प्रसंग दुसरीकडून मिळत नाही. म्हणून सांगणाऱ्याला मध्येच तोडू नये, आणि त्याची अहिराणी 'शुद्ध' करण्याच्या भरीस तर मुळीच पडू नये. ध्वनिमुद्रणाचे यंत्र आज बहुतेकांच्या खिशात असते. त्या वर्षी विशीत असलेले मजूर पन्नाशी ओलांडून गेले आहेत. त्यांना घेऊन निघालेले वडीलधारे आता थोडेच उरले असतील. आरंभ त्यांच्यापासून करावा.