गांज्यातली लवंग

पोलिसांचा कुत्रा एखाद्या बॅगेपुढे बसकण मारतो तेव्हा त्याला नशेचा वास आलेला नसतो. गांज्याची झिंग ज्या टीएचसीमुळे चढते त्याला स्वतःचा वास जवळजवळ नाहीच. हशीश हुंगणारे कुत्रे नेमका कशावरून माग काढतात हे १९७३ मध्ये स्टाल आणि कुंडे या जर्मन संशोधकांनी शोधले, तेव्हा सापडले कॅरिओफिलीन ऑक्साइड. गांज्यातल्या कॅरिओफिलीन या सुगंधी द्रव्याला हवा लागली की त्याचे हे ऑक्साइड बनते.

मी अडलो तो या नावापाशी. कॅरिओफिलॉन म्हणजे ग्रीकमध्ये लवंग. लवंगेच्या तेलातले म्हणून नाव लवंगेचे. मग तेच द्रव्य मिरीत, बिअरच्या हॉप्समध्ये आणि हॉप्सच्याच कुळातल्या गांज्यात निघाले. हे सरळ आहे. पण ग्रीकांना लवंगेचे हे नाव दिले कोणी?

साधे कोश म्हणतात, कॅरिऑन म्हणजे अक्रोडासारखे कवचाचे फळ आणि फिलॉन म्हणजे पान. अक्रोडपान! आता मसाल्याच्या डब्यातली एक लवंग हातात घेऊन बघा. ती फळ नाही, पान तर नाहीच. ती वाळवलेली कळी आहे. फोड नीट होते पण वस्तूशी जुळत नाही असा शब्द दिसला, की परक्या पोराला घरचे कपडे चढवले आहेत असे खुशाल समजावे. ग्रीकांना ही खोड होतीच. आपल्या तमालपत्राचे त्यांनी ‘मालाबाथ्रॉन’ केले, कारण सुरुवातीचा ‘त’ त्यांना आपल्याच भाषेतले उपपद वाटला आणि त्यांनी तो सोलून काढला.

युरोपातल्या व्युत्पत्तिकारांनी या शब्दासाठी एक भारतीय मूळ सुचवले आहे: संस्कृत ‘कटुकफल’. पहिल्यांदा वाचले तेव्हा मीही हसलो. मग लक्षात आले की बंदरावर संस्कृत बोलतो कोण? तिथे प्राकृत. प्राकृतात दोन स्वरांमधला ‘ट’ मऊ होऊन ‘ड’ होतो आणि ‘क’ गळतो. म्हणूनच आपण ‘कटुक’ न म्हणता ‘कडू’ म्हणतो. तेव्हा कटुकफलाचे झाले ‘कडुअफल’. आता हा ‘ड’ परक्या कानाला हटकून ‘र’ ऐकू येतो. इंग्रजांनी साडीची सारी केली, बडोद्याचे बरोडा केले. ग्रीकांचेही तेच. लाट, म्हणजे प्राकृतातल्या लाड देशाला भूगोलकार टॉलेमी ‘लारिके’ म्हणतो. म्हणजे ‘करुअफल’. त्याच्या शेजारी ‘कारुओफुल्लॉन’ हा जुन्या ग्रीक उच्चाराच्या आसपासचा शब्द ठेवा आणि दोन्ही मोठ्याने म्हणून पाहा.

दक्षिणेकडचे मित्र इथे हात वर करतात. तमिळमध्ये लवंगेला किरांबू म्हणतात, मल्याळममध्ये करयांपू. मग मूळ तिकडचेच नसेल कशावरून? मला हे पटत नाही. ‘पू’ म्हणजे फूल, हे लवंगेला शोभते खरे; पण ‘फुल्लॉन’मधला ‘ल’ त्यातून कसा निघणार? उलट अरबी ‘करनफुल’ मलबारच्या धक्क्यावर उतरून त्याला तिथे ‘पू’ फुटला असेल, हे अधिक संभवते. (त्या करनफुलाचा आपल्या कर्णफुलाशी संबंध जोडण्याचा मोह मलाही झाला होता. काही संबंध नाही. आपले कर्णफूल म्हणजे कानातले फूल, बस्स.)

खरी अडचण वेगळीच आहे. संस्कृत कोशांत कटुकफल हे नाव लवंगेचे नाहीच. ते कक्कोलाचे, म्हणजे आपल्या कंकोळाचे आहे. प्रतिपक्ष इथे खटला संपला म्हणतो. माझ्या मते तो इथेच सुरू होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन प्लिनीने कॅरिओफिलॉनचे वर्णन केले आहे ते असे: भारतातून येणारी, मिरीच्या दाण्यासारखी पण त्याहून मोठी आणि ठिसूळ वस्तू, वासासाठी मागवतात. ही लवंग आहे? लवंग खिळ्यासारखी असते. फ्रेंचांनी तिला खिळा म्हटले आणि इंग्रजीतले ‘क्लोव्ह’ त्यावरूनच आले. मिरीसारखा गोल, तिच्याहून थोडा मोठा, देठासकट वाळणारा दाणा म्हणजे कंकोळ, मिरीचाच भाऊबंद. कक्कोल म्हणजे नेमके कोणते झाड यावर वैद्यांमध्ये वाद आहेत, ते मी इथे बाजूला सारतो. माझे म्हणणे इतकेच की नाव आधी कंकोळाचे होते. एकाच गलबतातून, एकाच व्यापाऱ्याच्या पोत्यांतून दोन्ही जिन्नस उतरत गेले आणि नाव लवंगेला चिकटले.

आणि आपली ‘लवंग’ तरी कुठे घरची आहे? रघुवंशात कालिदास लवंगेची फुले दूरच्या द्वीपांवरून आलेली सांगतो. झाड मोलुक्का बेटांचे, आणि नावही मलय भाषेतल्या ‘लावांग’चे असावे असे काही विद्वान मानतात. म्हणजे आपण एका मसाल्याचे नाव उसने घेतले आणि दुसऱ्याचे ग्रीकांना उसने दिले.

पुढचा प्रवास झरझर. तुर्कीत ‘करानफिल’ म्हणजे लवंगही आणि तिच्यासारखा वास येणारे कार्नेशनही. लिनियसने लवंगेचे झाड आणि कार्नेशन या दोघांच्याही शास्त्रीय नावांत हा ग्रीक शब्द घातला. नंतर शास्त्रज्ञांनी लवंगेला सिझिजियममध्ये, आपल्या जांभळाच्या पंगतीत बसवले. शब्द उरला तो कार्नेशनकडे आणि कॅरिओफिलीन या द्रव्याकडे.

द्रव्याची रचनाही चमत्कारिक आहे: नऊ कार्बनांच्या कड्याला चिकटलेले चार कार्बनांचे चिमटलेले कडे. हार्वर्डच्या कोरी यांनी ते प्रयोगशाळेत कसे बनवले याचा सविस्तर लेख १९६४ मध्ये आला. त्याच वर्षी इस्रायलमध्ये गाओनी आणि मेशुलाम यांनी गांज्यातले टीएचसी वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. या दोन धाग्यांची गाठ पडायला २००८ उजाडले. झुरिचच्या गेर्ट्श यांच्या गटाने दाखवले की कॅरिओफिलीन शरीरातल्या सीबी२ या ग्राहीला जाऊन बसते. टीएचसी झिंग आणते ती मुख्यतः मेंदूतल्या सीबी१ या भावंड-ग्राहीवरून. त्या दाराकडे कॅरिओफिलीन फिरकत नाही. सीबी२ प्रामुख्याने रोगप्रतिकारक पेशींवर असतो. उंदरांना हे द्रव्य खाऊ घातल्यावर सूज उतरली, आणि ज्या उंदरांत सीबी२ नव्हताच त्यांच्यावर काही परिणाम झाला नाही. उंदरांवरून माणसांवर उडी मारू नये. पण गांज्यात काम करणारा हा रेणू रोजच्या फोडणीतही असतो, हे खरे.

भांगेच्या थंडाईत मिरी पडते. भांग चढली तर मिरी चघळा, असा उपायही सांगतात, आणि संशोधक एथन रुसो यांनी २०११ च्या लेखात अशा जुन्या उताऱ्यांची रासायनिक संगती लावून पाहिली आहे. मला वाटते, थंडाईत मिरी पडली ती चवीसाठी आणि पचनासाठी. घोटणाऱ्याला सीबी२ शी काय देणेघेणे?

माझ्या खटल्यातला एक साक्षीदार अजून मिळायचा आहे. त्रयोदशगुणी विड्यात लवंग आणि कंकोळ, दोन्ही दावेदार शेजारी बसतात. कोकणात, गोव्यात किंवा देशावर कुणाच्या घरी, कुणा वैद्याच्या वहीत किंवा काष्ठौषधींच्या दुकानात या दोहोंपैकी कशालाही ‘कडूफळ’ किंवा ‘कटुकफळ’ म्हणत असतील, तर मला जरूर कळवा.