पाहुणा कामगार ते नागरिक

उर्दू शिकवताना 'गुर्बत' शब्द आला की मी मुलांना सांगते, याचा अर्थ फक्त गरिबी नाही. परमुलखात राहणे हाही आहे. तुर्की भाषेत तो 'गुर्बेत' होतो. जर्मनीतल्या तुर्कांनी तो जगून पाहिला.

30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तानात मजूरभरतीचा करार झाला. खाणी-कारखान्यांना माणसे हवी होती. त्यांना नाव मिळाले 'गास्टआर्बायटर', म्हणजे पाहुणा कामगार. पाहुणा परत जातो, हे गृहीत होते. 1973 मध्ये भरती थांबली. पण अनेकांनी परत जाण्याऐवजी बायका-मुलांना बोलावून घेतले.

नागरिकत्वाचा कायदा मात्र 1913 चा, रक्ताच्या नात्यावर उभा. तिथे जन्मलेली त्यांची मुलेही परदेशीच ठरली. 1 जानेवारी 2000 पासून वास्तव्याची अट आठ वर्षांवर आली आणि अशा मुलांना अटींसह जन्मतः नागरिकत्व मिळू लागले. तरी अर्ज करणाऱ्या तुर्काला सहसा जुना पासपोर्ट सोडावा लागे. 2008 पासून परीक्षा आली: 33 प्रश्न, 17 बरोबर हवेत.

27 जून 2024 पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा मिळाली. पहिल्या पिढीतल्या वृद्ध कामगारांना लेखी परीक्षा माफ झाली. करारानंतर जवळपास 63 वर्षांनी! तोवर कित्येकांचे जनाजे मायदेशी परतले होते.

माझा एक जुना विद्यार्थी आज तिथेच अर्ज भरतोय. जर्मनी त्याला जुना पासपोर्ट ठेवू देईल. भारताचा कायदा देत नाही.

"टीचर, सही करू का?" त्याने विचारले.

मला उत्तर सुचले नाही.