लिनेटला तीरचिमणीचे गाणे कुठून आले?

डेन्स बॅरिंग्टन हा पेशाने कायदेपंडित, वेल्समधील न्यायाधीश. लंडनला आलेल्या बाल मोझार्टची परीक्षा घेऊन रॉयल सोसायटीला अहवाल धाडणारा गृहस्थ तो हाच! १७७३ मध्ये त्याने पक्ष्यांच्या गाण्यावरील आपले प्रयोग याच सोसायटीपुढे मांडले.

लिनेट या चिमुकल्या गायक पक्ष्याची पिल्ले त्याने चंडोल, तीरचिमणी अशा परक्यांच्या सहवासात वाढवली. पिल्ले गुरूचेच गाणे गाऊ लागली. तीरचिमणीच्या एका शिष्याला पुढे तीन महिने दोन गात्या लिनेटांच्या खोलीत टांगले, तरी त्याने स्वजातीची एकही लकेर उचलली नाही. माणसाला भाषा जितकी उपजत, तितकेच पक्ष्याला गाणे उपजत, असा निष्कर्ष बॅरिंग्टनने काढला. १८७१ मध्ये डार्विनने त्याचा आधार घेतला.

मग प्राण्यांचा संवाद ही सांस्कृतिक उत्क्रांतीच मानावी काय?

१९६४ मध्ये पीटर मार्लर आणि मिवाको तामुरा यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील पांढऱ्या तुऱ्याच्या चिमण्यांच्या ‘बोली’ अभ्यासल्या. आपल्याकडे बारा कोसांवर भाषा बदलते, तसे तेथे ठिकाणागणिक गाणे बदलते. पिल्ले ते ऐकून उचलतात; नकलेत चुका होतात; काही चुका टिकून पसरतात, काही विरतात. वारसा, भेद आणि निवड ही उत्क्रांतीची तिन्ही अंगे येथे जनुकांवाचून जुळतात.

पण एकांतात वाढलेले पिल्लूही ओबडधोबड का होईना, गातेच. ध्वनिमुद्रणातून स्वजातीचे व परजातीचे गाणे ऐकवले, तर या चिमण्यांची पिल्ले स्वजातीचेच उचलतात. म्हणजे काय शिकावे, याचा कल उपजत आहे. आणि कोकीळ? कावळ्याच्या घरट्यात वाढूनही तो कावकाव करीत नाही. त्याच्या कुहूला संस्कृतीचे स्पष्टीकरण लागू पडत नाही. सरसकट सिद्धान्त येथेच कोसळतो. जेथे शिकणे आहे, तेथे मात्र तो भक्कम उभा राहतो.

तेथे परंपरा तुटूही शकते. ऑस्ट्रेलियातील रिजंट हनीईटर आता जेमतेम काही शे उरले आहेत. २०२१ च्या एका अभ्यासात सुमारे १२ टक्के नर परक्या जातींची गाणी गाताना आढळले, कारण शिकवणारे वडीलधारेच आसपास नव्हते. अशा नरांना जोडीदार मिळण्याची शक्यताही कमी दिसली. पिंजऱ्यात जन्मलेल्या पिल्लांना ध्वनिमुद्रित गाणे ऐकवून शिकवण्याचे प्रयत्नही झाले आहेत.