पासिंगला नापास गाडी आणि कारणांचा कागद

अमरावती-अकोल्याकडे कोणी ‘गाडी पासिंगला नेली’ म्हटलं, की आपल्याला लगेच कळतं: ट्रक किंवा टेम्पो आरटीओसमोर उभा आहे. कापसाचा हंगाम भरात, आणि निरीक्षक म्हणाले, ‘ब्रेक बरोबर नाही, नापास.’ जिनिंगला जाणारा माल पडून राहतो. बँकेचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी मालकाला दाद मागता येते का? येते. पण ती कशावर उभी आहे, हे पाहायला आपल्याला 1939 पर्यंत मागं जावं लागेल.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, कारभार नागपूरहून चाले. त्या वर्षीच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 38 नं प्रवासी आणि मालवाहू गाड्यांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचं केलं. ते नाकारलं, तर कारणं मालकाला लेखी द्यावीत, असंही त्यात होतं. 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, 1960 मध्ये महाराष्ट्रात. राज्यं बदलली, अट टिकली. 1988 च्या कायद्यात ती कलम 56 मध्ये आहे. त्याला लागून कलम 57: आदेशाची नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील, आणि दोन्ही बाजूंना म्हणणं मांडायची संधी.

आता या दोन कलमांचा दुवा बघा. निरीक्षकाचं तोंडी ‘नापास’ हवेत विरतं. अपिलात त्याला उत्तर कसं देणार? ‘मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक कमी लागतो’ असं कागदावर आलं, की मुद्दा तपासता येतो. म्हणून आम्ही म्हणतो, अपिलाची पहिली पायरी अर्ज नव्हे, कारणांचा कागद.

मात्र सगळे दोष निरीक्षकाच्या माथी मारून चालणार नाही. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या गाडीत माणसं बसलेली असतात. मुंबई उच्च न्यायालयानं ब्रेक तपासणीसाठी 250 मीटरच्या ट्रॅकचा आग्रह धरला, तो याच माणसांसाठी. 2021 मध्ये केंद्रानं स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम आणले. आता नजरेच्या जागी यंत्राचा आकडा येतोय. पण यंत्रही चुकू शकतं, आणि तेव्हाही आपल्याला तेच विचारावं लागेल: नापास का, ते लिहून द्या.