झिंगराजीचे घर

वऱ्हाडातील दारू सोडण्याचा इतिहास लिहावयास बसले, की सरकारी दफ्तर प्रथम हाताशी येते. कारण १८५३ साली निजामाने हा मुलूख कंपनी सरकारच्या हवाली केल्यानंतरच्या काळात आबकारीचे मक्ते, दुकानांचे लिलाव आणि मोहाच्या दारूवरचा महसूल यांची कागदपत्रे विपुल साठली, आणि पुढे १९३८ साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला तेव्हा, जी सत्ता आजवर दारूवर वसूल घेत आली, तिच्याच हाती बंदीचा अंमल आला. परंतु या साऱ्या कागदांत दुकाने आहेत, रकमा आहेत, गुन्हे आहेत. पिणारा माणूस मात्र कोठे भेटत नाही. त्याला शोधावयाचे तर अंजनगाव सुर्जीच्या बाजूला शेणगावी, एका परिटाच्या घरात डोकवावे लागते.

हे घर झिंगराजीचे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्याच्या पोटी डेबूजी जन्मला, ज्याला पुढे महाराष्ट्राने गाडगेबाबा म्हटले. देवकार्य असो की जेवणावळ, बकरे आणि दारू यांवाचून ते तडीस जात नसे असा त्या काळचा रिवाज होता, आणि जो पेला भाऊबंदांच्या पंगतीत देवाच्या नावाने हाती येतो तो नाकारणे म्हणजे पंगतीलाच नाकारणे. झिंगराजी त्या पेल्याच्या आहारी गेला, होते नव्हते ते गमावून बसला, आणि अकाली मेला. त्याची बायको सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरीला भावाच्या आश्रयाला आली. प्रबोधनकार ठाकरे यांनी १९५२ साली बाबांचे चरित्र लिहिले; त्यातला हा भाग मला नेहमीच सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे, कारण बाबांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे मूळ या घरात आहे.

डेबूजीला मुलगी झाली तेव्हा बारशाच्या जेवणाला जातभाई जमले. पाने मांडली गेली, आणि मटण व दारू यांच्या जागी पानांवर बुंदीचे गोड जेवण आले. जातीच्या पंगतीत बसून जातीचा रिवाज मोडणे, आणि तेही स्वतःच्या दारात, या गोष्टीला केवढी छाती लागते हे ज्याने भाऊकीचा रोष पाहिला आहे त्याला सांगावे लागत नाही. डेबूजीने दारू वर्ज्य केली, पण पंगत मोडली नाही. माझ्या मते खरी किमया येथे आहे: माणूस दारूकडे गेला तो पंगतीतून, तेव्हा त्याला परत आणावयाचे तर दुसरी पंगत मांडून द्यावी लागते.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर बाबांनी तेच केले. पूर्णाकाठच्या ऋणमोचनासारख्या यात्रांतून ते कीर्तनाला उभे राहत, समोरच्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर मोठ्याने वदवून घेत. चार माणसांदेखत तोंडातून निघालेला शब्द सहसा फिरत नाही. वारकऱ्याची तुळशीची माळही याच जातीची. ती गळ्यात पडली की मद्यमांस सुटते, आणि मोह झाला तर दिंडीतले लोक त्याला सांभाळून घेतात.

१९३५ साली तुकडोजी महाराजांनी मोझरीला गुरुकुंज उभारला आणि तेथील सामुदायिक प्रार्थनेने खेडोपाडीची माणसे सायंकाळी एकत्र बसू लागली. त्याच वर्षी अमेरिकेतील ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, परस्परांशी बोलत राहिल्याने पिण्यापासून दूर राहिले. त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस जन्माला आली. गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीकाठी निवर्तले, आणि पुढच्याच वर्षी अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ भारतात आली. बाबांचे कीर्तन आणि ही चळवळ या दोहोंत एक मोठा भेद आहे, तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. बाबा बोलत ते पिणाऱ्याच्या पोराच्या जिव्हाळ्याने. या चळवळीच्या बैठकीत जो बोलतो तो स्वतः प्यालेला असतो, म्हणून ऐकणाऱ्यास त्याच्यापुढे खाली मान घालावी लागत नाही.

अशा एका खुल्या बैठकीला मी अमरावतीत बसलो होतो. तेथे फी नाही, आडनाव नाही, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. त्या दिवशी आलेला नवखा गृहस्थ अकोल्याचा होता. गावात कोणी ओळखील या धास्तीने तो गाडीने इतक्या दूर आला होता, आणि ती गाडी वाटेत मूर्तिजापूरला, म्हणजे डेबूजीच्या आजोळच्या तालुक्यात, थांबते. पत्ता त्याला डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिला होता, आणि ती चिठ्ठी बैठकभर त्याच्या मुठीत होती. एकेकाने आपले पहिले नाव सांगून ‘मी मद्यपी आहे’ असे म्हणत आपली कहाणी सांगितली. पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “मले काई सांगाचं नाई. मी फकस्त बसतो.” “बसा भाऊ,” शेजारचे म्हातारे म्हणाले, “मी बी तीन महिने नुसताच बसलो होतो.”

बैठक उठली तेव्हा काळोख पडला होता. बडनेऱ्याहून त्याच्या गाडीला अवकाश होता. तरी दोन जुने सभासद त्याच्याबरोबर निघाले आणि गाडी सुटेपर्यंत फलाटावर थांबले, कारण स्थानकाच्या वाटेवर दारूचे एक दुकान लागते.