रसायनांची लेखनपद्धती

मद्यार्क आणि डायमिथिल ईथर या दोन पदार्थांत अणू तेच व तितकेच आहेत : कार्बनचे २, हायड्रोजनचे ६, ऑक्सिजनचा १. तथापि मद्यार्क ७८ अंशांवर उकळतो, तर हे ईथर शून्याखाली सुमारे २५ अंशांवरच वायुरूप होते. सी२एच६ओ अशी नुसती मोजदाद लिहिली, तर हा भेद कागदावर उमटावा कसा ?

त्याची उकल दोघांना स्वतंत्रपणे सुचली. कार्बनचे अणू एकमेकांस जोडले जातात व प्रत्येकास चार बंध असतात, हे पॅरिसमध्ये व्युर्त्स यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या आर्चिबाल्ड स्कॉट कूपर या स्कॉच तरुणाने ओळखले. ते बंध त्याने रेषांनी दाखविले. प्रबंध फ्रेंच अकादमीपुढे मांडण्यासाठी त्याने तो व्युर्त्स यांच्या स्वाधीन केला. तेथे विलंब झाला. तेवढ्यात मे १८५८ मध्ये जर्मन पंडित केकुले यांचा लेख प्रसिद्ध झाला. कूपरचा प्रबंध अकादमीपुढे आला तो १४ जून रोजी. अंतर थोड्या आठवड्यांचे. पण श्रेय गेले ते गेलेच. गुरुशिष्यांत वितुष्ट आले, १८५९ साली कूपरचे मन ढासळले, आणि १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत रसायनशास्त्रात त्याच्या हातून पुन्हा काही घडले नाही. त्याचे नाव पुढे उजेडात आणले ते केकुले यांच्याच बॉन येथील गादीवर आलेल्या अन्शुट्झ यांनी.

रेषांचे चित्र जागा फार खाते. म्हणून प्रत्येक कार्बनाशेजारीच त्याचे हायड्रोजन मांडावयाचे व उघड कळणाऱ्या रेषा गाळावयाच्या, अशी संक्षिप्त पद्धत रूढ झाली. सीएच३सीएच२ओएच म्हणजे मद्यार्क. सीएच३ओसीएच३ म्हणजे ईथर. पहिल्यात ऑक्सिजन टोकाशी हायड्रोजनास धरून बसला आहे, दुसऱ्यात तो दोन कार्बनांच्या मध्ये आहे.

नागपुरास १९५० च्या सुमारास डॉ. रघुवीर यांनी ऑक्सिजनला जारक, हायड्रोजनला उदजन, कार्बनला प्रांगार अशी संस्कृतोद्भव नावे योजिली. परिश्रम दांडगे खरे. परंतु नावे बदलली की चिन्हेही बदलावयाची, आणि मग परदेशी ग्रंथ उघडणाऱ्यास सारी बाराखडी पुन्हा शिकणे आले. मराठी विश्वकोशाने कार्बन, हायड्रोजन हेच शब्द ठेवले व सूत्रे रोमन लिपीत छापली. नागपुराहून सुमारे ७५ किलोमीटरवरील वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे येथे मराठीतून शिकणारा विद्यार्थीही तीच रोमन सूत्रे लिहितो. दारूबंदीच्या जिल्ह्यात त्याला मद्यार्काचेही सूत्र गिरवावे लागते, एवढीच काय ती गंमत.