सोंगट्यांचा पट आणि पडद्यावरचे दुकान

यंदा दिवाळीची आवराआवर करताना आजीचा सोंगट्यांचा पट हाती लागला. कापडी, चार फाट्यांचा, घडीवर विरलेला. धाकटा मुलगा शेजारीच मोबाईलवर लुडो खेळत होता. एकाच कुळातले ते दोन खेळ पाहून मनात आले, खेळ घरात कोणत्या वाटेने येतो, आणि आला म्हणजे आपला होतो का?

पटाला दुकान लागत नसे. एका घरचा पाहून दुसऱ्या घरी शिवला जाई. नियम तोंडोतोंडी चालत. पच्चीशीचा हाच वंश १८९६ साली इंग्लंडात ‘लुडो’ नावाने पेटंट झाला. आम्ही लहानपणी पुठ्ठ्याचा लुडो संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्यातून आणीत असू. घरी येऊन सोंगटी कमी निघाली, तर यात्रा उठल्यावर दाद कोणाकडे मागायची? पण खेळ आपला होई. शेजारी उसना देता येई.

२००३ साली अमेरिकेतील व्हॉल्व कंपनीने ‘स्टीम’ हे संगणकावरचे दुकान काढले. हा गड्डा बारमाही! २०१५ पासून तेथे सोयही झाली: चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. खेळ रचणाऱ्याचा छपाई-वाहतुकीचा खर्च वाचतो. मात्र विक्रीतले साधारण ३० टक्के दुकानाचे. २०१८ साली ‘एपिक’ने तो वाटा १२ टक्क्यांवर आणला. मोबाईलच्या दुकानांतून नवी मुंबईच्या कंपनीचा ‘लुडो किंग’ २०१६ पासून घरोघर गेला, आणि २०२० च्या टाळेबंदीत दूरदूरचे नातलग एका पटावर बसले. हे गुण नाकारण्यात अर्थ नाही.

पण स्टीमवर आपण घेतो तो खेळ नव्हे, खेळण्याचा परवाना. २०२४ पासून पैसे भरतानाच तशी सूचना दिसते. गूगलचे ‘स्टॅडिया’ जानेवारी २०२३ मध्ये बंद झाले. गिऱ्हाइकांना पैसे परत मिळाले, खेळ गेले. याउलट २००८ साली पोलंडात निघालेले ‘जीओजी’ खेळ कुलपाविना देते; उतरवून घेतला की तो आपल्या घरी राहतो.

म्हणून मला वाटते, चार घटकांच्या करमणुकीला कोणतेही दुकान चालेल. नातवंडांच्या हाती द्यावासा वाटेल तो खेळ मात्र दुकान उठले तरी घरात उरेल असाच घ्यावा.

त्या रात्री आम्ही पट मांडला. दोन कवड्या हरवल्या होत्या. मुलाने स्वयंपाकघरातून चिंचोके आणले, फोडले, आणि डाव सुरू झाला.